शिंपल्यातलं शिसं

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, ही गोष्ट मला आजवर इतक्या लोकांनी समजावून सांगितली आहे की आता मी नुसती मान हलवते. लग्नाकार्यात कोणी विचारायचं, नोकरी काय करता? मी म्हणायची, शिंपले, झिंगे, खेकडे यांच्यात शिसं, पारा, कॅडमियम किती आहे ते मोजते. मग विचारणारी बाई आधी माझ्याकडे आणि नंतर माझ्या नवऱ्याकडे पाहायची. नवरा तयारच असायचा. हिला माहेराहून समुद्र आंदण मिळालाय, असं म्हणून तो आणखी एक जिलबी वाढून घ्यायचा. माझं माहेर कळंबजवळचं, कापसाचं आणि तुरीचं. आंदणात मला शिलाई मशीन मिळालं होतं.

समुद्र नसला तरी नद्या आहेत, धरणं आहेत, गावोगावचे तलाव आहेत. पाऊस संपून पाणी उतरू लागलं की काठच्या चिखलात शिंपले सापडतात, उथळ पाण्यात झिंगे मिळतात, बांधावरच्या बिळांत खेकडे असतात. आठवडी बाजारात कोपऱ्यात बसलेल्या बायकांकडे हे सगळं विकायला असतं आणि खाणाऱ्याला ते कुठे मिळतं हे बरोबर ठाऊक असतं. आमच्या प्रयोगशाळेत माती, पाणी, भाजीपाला असं पुष्कळ काही तपासायला यायचं. पण मला मनापासून आवडायचं ते शिंपल्यांचं काम.

कारण शिंपला हा फार प्रामाणिक प्राणी आहे. मासा पळतो, आज या काठाला तर उद्या त्या काठाला. शिंपला जन्मभर जवळपास एकाच जागी बसतो. पाणी आत ओढतो, त्यातलं खायचं ते गाळून घेतो आणि उरलेलं पाणी बाहेर सोडतो. पाण्यात शिसं अगदी नावापुरतं असलं तरी ते थोडं थोडं त्याच्या अंगात साठत जातं. म्हणून पाण्याचा नमुना फक्त त्या दिवसाचं सांगतो, शिंपला सगळ्या वर्षाचं सांगतो. फक्त त्याच्याकडून ते काढून घ्यावं लागतं.

ते कसं, हेही सांगते. शिंपले जिवंत आणायचे. स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवायचे, म्हणजे पोटातला चिखल ते आपण होऊन टाकून देतात. मग प्लास्टिकच्या सुरीने उघडायचे, कारण पोलादाच्या सुरीचा धातू नमुन्यात उतरतो. मांस वाळवायचं, कुटून पूड करायची आणि तीव्र नायट्रिक आम्लात तापवून पार विरघळवायची. शेवटी हातात राहतं ते लिंबाच्या सरबतासारखं दिसणारं पाणी. ते यंत्रात ज्योतीवर फवारायचं. त्या ज्योतीतून ठरावीक रंगाचा प्रकाश सोडला की शिसं आपला वाटा तेवढा गिळतं. किती प्रकाश गिळला, त्यावरून शिसं किती ते कळतं. आणि प्रत्येक वेळी एक रिकामं भांडंही या सगळ्यातून न्यायचं. त्यात शिंपला नसतो, बाकी सगळं तेच. त्याला आम्ही 'कोरा' म्हणायचो. कोऱ्यात शिसं सापडलं, तर ते शिंपल्याचं नाही, तुमच्या हातचं आहे असं समजायचं.

कोऱ्याने आमची एकदा चांगलीच जिरवली. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून कोऱ्यातच शिसं येऊ लागलं. आम्ही आम्ल बदललं, पाणी बदललं, भांडी पुन्हा पुन्हा धुतली. कंपनीचा माणूस नागपूरहून आला, यंत्र उघडून बंद करून गेला. शेवटी माझं लक्ष यंत्राच्या मागच्या बाजूला गेलं. खंडेनवमीला आमच्या शिपायाने यंत्राची पूजा केली होती. समोर हळदकुंकू लावलं तर मॅडम ओरडतील, म्हणून त्याने मागे, पंख्याच्या जाळीपाशी, भरपूर शेंदूर फासला होता. शेंदूर म्हणजे शिसंच. पंखा तो सबंध खोलीभर उडवत होता. तेव्हापासून आमच्या यंत्रांची पूजा फुलांनी होऊ लागली. शिपाई काही दिवस माझ्याशी घुश्शात होता, कारण माझ्यामुळे यंत्र कोपेल अशी त्याची खात्री होती.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. केळापूरकडचे एक गृहस्थ स्टीलच्या डब्यात एकच जिवंत खेकडा घेऊन आले. शेजाऱ्याने आपल्या विहिरीत काहीतरी कालवलं आहे आणि त्याला साक्षीदार हा खेकडा आहे, असं त्यांचं म्हणणं. तपासायचा तर मारावा लागेल, असं मी सांगितलं. ते बराच वेळ विचारात पडले आणि खेकडा घेऊन परत गेले. साक्षीदार मेल्यावर केस कशी उभी राहणार, हा त्यांचा मुद्दा मला आजही पटतो.

पण लिहायला बसले ते देवकाबाईंसाठी. माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षातली ही गोष्ट आहे.

घाटंजी तालुक्यातल्या एका तलावावर भोई समाजाच्या बायकांचा एक गट होता. झिंगे आणि शिंपले काढायचे आणि घाटंजीच्या बाजारात विकायचे, हा त्यांचा धंदा. देवकाबाई त्या गटाच्या पुढारी. पन्नाशीच्या, काटक, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला ऐकू जावं. त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर तलावाच्या काठावर कोणीतरी फुटक्या बॅटऱ्यांची खोकी आणून टाकली. पंचायतीने ती चारदोन दिवसांत उचलली, पण तोवर कोणीतरी त्यांचा व्हिडिओ काढून गावोगाव फिरवला होता. बॅटरीत शिसं असतं, शिसं पाण्यात गेलं, पाण्यातून झिंग्यात गेलं. व्हिडिओतल्या माणसाचं बोलणं शास्त्राला धरूनच होतं, हे मला मान्य करायला हवं. गिऱ्हाइकं देवकाबाईंच्या टोपल्यांकडे पाहून पुढे जाऊ लागली.

दुसरी एखादी बाई रडत बसली असती. देवकाबाईंनी आमच्या प्रयोगशाळेचा नंबर मिळवून फोन केला. आमचे शिंपले तपासून द्या, म्हणाल्या, खराब निघाले तर आम्हीच विकायचे बंद करू. मला ते फार आवडलं. शिंपले जिवंत आणा, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, असं मी त्यांना सांगितलं आणि भाचीच्या लग्नाला अमरावतीला निघून गेले.

परत आले तेव्हा सगळं होऊन बसलं होतं. नमुना आला होता, माझे सहकारी सोनटक्के यांनी तो विरघळवून यंत्रावर चढवला होता आणि शिसं मर्यादेच्या बरंच वर आलं होतं. अहवालावर माझी सही व्हायची होती, पण आकडे ऑफिसातून कसे कोण जाणे बाहेर पडले होते. घाटंजीच्या बाजारात त्या आठवड्यात भोई बायकांना बसूच दिलं नाही. कोणीतरी एकीची टोपली नालीत उलटी केली. गटातल्या दोघी तर बाजाराचा नाद सोडून कापूस वेचायला निघून गेल्या.

सोनटक्क्यांचा हात यंत्रावर फार स्वच्छ. कोरा निर्मळ होता, शिसं किती ते आधीच ठाऊक असलेल्या पडताळणीच्या नमुन्याचे आकडे बरोबर होते. शिसं होतं, यात शंका नव्हती. पण मला एक गोष्ट खटकली. नमुन्यात तांबंही भरपूर होतं आणि जस्तही. बॅटरीतून शिसं आलं हे समजण्यासारखं आहे, तांबं कुठून आलं? त्या तलावावर ना कारखाना, ना खाण. वरच्या अंगाला नुसती सोयाबीनची शेतं.

नमुन्याचा थोडा भाग आम्ही नेहमी राखून ठेवतो. मी तो फ्रीजमधून काढला. पिशवीत सोललेलं मांस होतं, शिंपा नव्हत्या. आकसलेलं, फिक्कट, कडांना वळलेलं. नाकाजवळ नेलं तर आंबूस वास आला, खराब झाल्याचा नव्हे, अंबाडीचा. माझ्या आजोळी हा वास थंडीभर स्वयंपाकघरात असायचा.

"सोनटक्के," मी म्हटलं, "हे शिजवलेलं आहे."

सोनटक्के गळ्यात माळ घालणारे. वर्षानुवर्षं त्यांनी शिंपले विरघळवले, पण शिजलेला शिंपला जन्मात पाहिला नव्हता. शिवाय हे काम करताना ते नाकात व्हिक्स घालून बसायचे. सोलूनच आणलेत हे पाहून त्यांना उलट बरं वाटलं होतं, कारण शिंपले उघडणं हे सगळ्यात किचकट काम. ते मटकन खुर्चीवर बसले. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी बाजारातली ती उलटलेली टोपलीही डोळ्यांपुढून हलेना.

आम्ही तसेच जीप घेऊन निघालो. देवकाबाई दारातच भेटल्या. पाणी विचारलं, पण बसा म्हटलं नाही.

"आता काय उरलं पाहाचं?" त्या म्हणाल्या. "तुमच्याच कागदानं आमचा बजार उठवला. मीच आपल्या पायानं आलती तुमच्याकडं."

मी म्हटलं, मला तलावातले जिवंत शिंपले हवेत आणि आम्ही स्वतः काढणार. मग त्या टोपली घेऊन पुढे झाल्या. सोनटक्के पँट दुमडून पाण्यात उतरले आणि चिखलात हात घालून शिंपले काढू लागले. त्यांनी तोंडातल्या तोंडात कोणाचं नाव घेतलं ते मी विचारलं नाही. बॅटऱ्या पडल्या होत्या त्या जागेचे वेगळे घेतले, सांडव्याकडचे वेगळे, मधल्या काठाचे वेगळे.

तलावावरून घराकडे परतताना मी मुद्द्याला हात घातला. जिवंत आणायला सांगितलं होतं, मग शिजवून का आणले? माझा आवाज चढला होता. तुमच्या या एका गोष्टीने सगळा घोळ झाला, असंही मी बोलून गेले. देवकाबाई गोंधळून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"कच्चे कसे आणू व मॅडम? मांगं एकडाव मच्छीच्या वासापायी कंडक्टरनं मले यष्टीतून उतरवून देल्लं. आन् तुमच्यासारख्या बाईमाणसाच्या हातात तसे चिखलाचे देऊ काय? चांगले उकडले, थोडी अंबाडी टाकली वास मराले, निवडून साफ केले. आमच्या घरातला सगळ्यात चांगला गंज काढला त्याच्यासाठी."

गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. मी म्हटलं, दाखवा.

चुलीवरच होता तो. पितळेचा, देवकाबाईंच्या लग्नातला. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला, यंदाच खाली काढलेला. मोबाइलवर कोणीतरी सांगितलं होतं की पितळेतलं अन्न पोटुशीला चांगलं. देवकाबाईंची मुलगी रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. म्हणून बाजारात मोटारसायकलवर आलेल्या एका कल्हईवाल्याकडून त्यांनी गंजाला आतून कल्हई करून घेतली होती. दुसऱ्यांपेक्षा स्वस्तात करून दिली, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. आतून तो चांदीसारखा चमकत होता, फक्त तळाशी एका जागी कल्हई उडून पिवळं दिसू लागलं होतं. मागे, भिंतीला टेकून, रेखा ताटलीतली अंबाडीची भाजी बोटांनी चाटूनपुसून खात होती.

"इले आंबटाचेच डोहाळे लागले," देवकाबाई म्हणाल्या. "सकाळी अंबाडी, दुपारी कढी, राती चिचेचं सार. दुसरं काही पोटात ठरतच नाही पोरीच्या."

कल्हई कथलाची करतात. कथील महाग, म्हणून काही लोक त्यात शिसं मिसळतात. चमक तशीच येते, डोळ्यांना काही कळत नाही. आणि शिसं भांड्यातून बाहेर काढायचं असेल तर आंबट उकळण्यासारखा उपाय नाही. मी आयुष्यभर आम्लाने तेच करत होते. तांबं आणि जस्त म्हणजे तर पितळच झालं. आणि पोटातल्या बाळाला शिसं किती वाईट हे मी जाणत होते. आईच्या रक्तातून ते थेट बाळापर्यंत जातं आणि वाढत्या मेंदूला धरतं. पण तपासल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. मी एवढंच म्हटलं की तपासून होईपर्यंत या गंजात काही रांधू नका, रेखासाठी तर मुळीच नको. ती खात असलेली ताटली मी स्वतः तिच्या हातातून काढून घेतली. रेखाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पोटुशी बाईच्या पुढचं ताट ओढणारी मी बहुधा पहिलीच.

मग देवकाबाईंकडून मी दोन वेळा नुसती अंबाडी उकळून घेतली, शिंपल्याशिवाय. एकदा त्या गंजात आणि एकदा स्टीलच्या पातेल्यात. पाणी तेच, अंबाडी त्याच जुडीतली. दोन्ही रस बाटल्यांत भरले आणि आम्ही परत निघालो.

त्या आठवड्यात मी शिंपले उघडायला कोणाला हात लावू दिला नाही. तलावातल्या शिंपल्यांत शिसं होतं ते एरवी कुठल्याही तलावात असतं तेवढंच. बॅटऱ्यांच्या जागेच्या शिंपल्यांत काकणभर जास्त, पण मर्यादेच्या खूप खाली. स्टीलमधली अंबाडी स्वच्छ. गंजातल्या अंबाडीत मात्र इतकं शिसं निघालं की रस पुन्हा पुन्हा पातळ केल्याशिवाय यंत्राला तो मोजता येईना. सोनटक्क्यांनी आकडा पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्यादेखत एक चांगली वऱ्हाडी शिवी दिली.

मी सही केली आणि अहवाल स्वतः घेऊन गेले. तलावाचं ऐकून देवकाबाईंचा चेहरा उजळला. गंजाचं सांगितलं तेव्हा त्या खाली बसल्या. किती दिवसांपासून रांधत होत्या ते मनाशी मोजत असाव्यात. रेखाच गंज उचलून अंगणात ठेवून आली. त्याच दिवशी आम्ही तिला यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं आणि रक्त नागपूरला पाठवलं. रक्तात शिसं असायला नको तेवढं होतं. पण सगळं वेळेत थांबलं आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. लोह आणि कॅल्शियम दिलं, दूध वाढवायला सांगितलं आणि पुन्हा तपासलं तेव्हा आकडा उतरणीला लागलेला होता. स्वस्तातल्या कल्हईचं गावभर सांगून झालं. आणखी काही घरांतून भांडी माळ्यावर परत गेली. कल्हईवाला पुन्हा त्या बाजारात दिसला नाही.

बाजार मात्र लगेच पूर्वीसारखा झाला नाही. वाईट बातमी फोनवरून एका रात्रीत पोचली होती. चांगल्या बातमीसाठी मला बाजारात जाऊन उभं राहावं लागलं, ओळखीच्या मास्तरांकडून लाउडस्पीकरवर सांगून घ्यावं लागलं. झिंगे हळूहळू खपू लागले, मग शिंपलेही. कापूस वेचायला गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, दुसरी काही आली नाही. आकडे सहीआधी बाहेर गेले ते माझ्या प्रयोगशाळेतून, याची रुखरुख मला राहिली आहे. सोनटक्के मात्र तेव्हापासून नाकात व्हिक्स घालेनासे झाले.

रेखाला मुलगी झाली. वजनाला चांगली, आवाज आजीवर गेलेला. बारशाला मला आणि सोनटक्क्यांना मुद्दाम जीप पाठवून नेलं. सोनटक्क्यांसाठी वेगळ्या चुलीवर वरणभात आणि वांग्याची भाजी होती. मला झिंगे होते, अंबाडीत शिजवलेले, नव्या स्टीलच्या पातेल्यात. मी दोनदा मागून घेतले. पाळणा म्हणून झाला, बायका पांगल्या, तेव्हा देवकाबाई नातीला घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मॅडम, त्या दिशी तुम्ही माह्यावर लय रागावल्या," त्या म्हणाल्या. "कच्चे काहून नाही आणले म्हणून."

मी म्हटलं, रागावले खरी. चुकलंच होतं तुमचं.

"हो, चुकलंच. पण मी रोज इचार करतो." त्यांनी बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. "तुमचं आयकून कच्चे आणले असते त तुमचा रिपोर्ट चांगला आला असता. आमी बजारात पेढे वाटले असते. आन् घरी येऊन मी त्याच गंजात हिच्या मायसाठी अंबाडी चढवली असती."

त्यांनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या जेवणाऱ्यांना वाढायला निघून गेल्या.